काचेच्या नळीतली वीस मिनिटे

मला चावलेले फुरसे दीड वीतभर लांब होते आणि जाडीला माझ्या अंगठ्याहून अधिक नव्हते. हे माप मी सुरुवातीलाच सांगते आहे, कारण त्या संध्याकाळी आम्ही घरच्या माणसांनी जे चुकीचे निर्णय घेतले, ते जवळपास सगळे या मापावरून घेतले होते. एवढेसे जनावर, त्याचे विष ते किती असणार, असा हिशोब कोणी मोठ्याने बोलून दाखवला नाही. पण मनातल्या मनात सगळे तोच करत होते, आणि त्यात मीही होते.

ऑक्टोबरचे दिवस होते आणि पाऊस नुकताच सरला होता. गडग्यालगत फुटक्या चिऱ्यांचा ढीग पडून होता. त्यातले तुकडे उचलून मी रोपांच्या आळ्यांभोवती रचत होते. साडेसहाच्या सुमारास उजेड मंदावला, तरी आणखी चार तुकडे होतील म्हणून मी थांबले नाही. एका चिऱ्याखाली बोटे सारून तो उचलायला गेले आणि उजव्या हाताच्या अनामिकेला, वरच्या पेराजवळ, टाचणी टोचल्यासारखे झाले. काटा असावा असे वाटून मी हात झटकला. तेवढ्यात तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसा चर्र आवाज ढिगातून येऊ लागला आणि तो थांबेचना.

फुरसे हा आवाज तोंडाने काढत नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंच्या खवल्यांवर करवतीच्या दात्यांसारखे कंगोरे असतात. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेटोळे घालून ते अंगावर अंग घासत राहते आणि त्या घर्षणातून हा आवाज निघतो. एरवी तो आवाज म्हणजे दूर राहण्याची सूचना असते. माझ्या बाबतीत सूचना दंशाच्या मागून आली, कारण मी तिच्यासाठी वेळच ठेवला नव्हता; चिऱ्याखाली गेलेली बोटे थेट त्याच्या अंगाला लागली असणार. वाकून पाहिले तेव्हा मातकट अंगावर फिकट ठिपक्यांची नक्षी दिसली आणि चपट्या डोक्यावर पाखराच्या पावलाच्या ठशासारखी पांढुरकी खूण दिसली. त्या खुणेचा अर्थ मला त्या वेळी माहीत नव्हता.

हाक ऐकून दीर आणि त्यांचा मुलगा धावत आले. पुतण्याने मोबाइलच्या उजेडात लांबूनच फोटो काढला आणि ठामपणे सांगितले, "काकू, हा मांजऱ्या आहे. निमविषारी असतो, माणसाला काही होत नाही." त्याला मी दोष देत नाही. मांजऱ्या आणि फुरसे यांची गल्लत भल्याभल्यांची होते. दोन्ही तपकिरी, दोन्हींचे डोके मानेपेक्षा रुंद, दोन्हींच्या डोळ्यांतली बाहुली उभी. पण मांजऱ्या सडपातळ असतो, त्याची शेपटी लांब आणि निमुळती असते आणि खवले गुळगुळीत असतात. फुरसे आखूड आणि बसके असते, त्याची शेपटी पटकन संपते आणि अंग पाहूनच खरखरीत वाटते. हे सगळे फरक निवांत बसून सांगता येतात. संध्याकाळच्या उजेडात, समोर माणूस बोट दाबून उभा असताना, केवळ डोळ्यांनी बिनविषारीपणाचा दाखला देणे कोणाच्याही आवाक्यातले नसते, आणि तो दाखला चुकला तर किंमत भलत्यालाच मोजावी लागते.

बोटावर एकच ठिपका होता, दुसऱ्या जागी नुसता ओरखडा. जखम एवढी क्षुल्लक होती की दाखवायलाही संकोच वाटावा. दहा मिनिटांत बोट ठणकू लागले आणि सुजू लागले, पण मला बाकी काहीही होत नव्हते. चक्कर नव्हती, डोळ्यांपुढे अंधारी नव्हती, श्वास व्यवस्थित चालू होता. सापाचे विष चढले की माणूस झापडतो, जिभेला जड होते, असे आम्ही ऐकत आलो होतो. ती लक्षणे नाग आणि मण्यार यांच्या विषाची. ते मज्जासंस्थेवर काम करते. फुरशाचे विष रक्तावर काम करते आणि तो कारभार बराच वेळ माणसाला जाणवतही नाही. आम्ही मात्र अर्धा-पाऊण तास माझ्या पापण्या उघड्या आहेत का हेच पाहत बसलो, आणि त्या उघड्या होत्या म्हणून निश्चिंत होत गेलो.

या अवधीत आम्ही काय काय केले ते लिहायला मला फारसे आवडत नाही, पण लिहिते. पुतण्याने माझ्या मनगटावर रुमाल करकचून बांधला. दिरांनी घरातली सांधेदुखीची गोळी पुढे केली आणि मी ती जवळजवळ घेतली होती. पाणी आणायला उशीर झाला म्हणून ती राहून गेली. अशा वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते, हे मला रात्री रुग्णालयात कळले. एकच गोष्ट योग्य झाली आणि ती जाऊबाईंनी केली. त्यांनी कोणालाही न विचारता साबणाच्या फेसाने माझ्या अनामिकेतली अंगठी आणि त्या हातातल्या बांगड्या काढून घेतल्या. अंगठी निघाली तेव्हा तिच्याखालची कातडी पांढरी पडली होती. आणखी तासाभराने ती कापूनच काढावी लागली असती आणि तोवर तिने बोटाचा रक्तपुरवठा अडवला असता.

पावणेआठला जाऊबाईंनीच विचारले, "मघापासून रक्त पुसतोय, एवढ्याशा टोचण्यातून अजून कसं येतंय?" खरोखरच, त्या ठिपक्यातून पातळ, फिकट लाल पाणी झिरपत होते. पुसले की थांबल्यासारखे वाटे आणि पुन्हा ओघळ दिसे. कांदा चिरताना बोट कापले तर ते यापेक्षा लवकर थांबते, एवढे तर घरात प्रत्येकीला माहीत असते. त्या प्रश्नावर दिरांनी गाडी काढली.

रुग्णालयात पोहोचायला साडेआठ झाले, म्हणजे दंशानंतर दोन तास. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी आधी वेळ विचारली, मग जखम पाहिली, मग पुतण्याने काढलेला फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "मांजऱ्या नाही, फुरसं दिसतंय. पण फोटो नसता तरी आम्ही हेच केलं असतं." साप मारून आणण्याची तर मुळीच गरज नसते, उलट तोडलेले डोकेही काही काळ चावू शकते, असेही त्यांनी ओघात सांगितले. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर एकत्रितपणे चालते, त्यामुळे औषध कोणते द्यायचे हा प्रश्न नसतोच. द्यायचे की नाही आणि कधी, एवढाच निर्णय असतो. रुमाल त्यांनी लगेच सोडला नाही. आधी दुसऱ्या हाताला सलाईनची सुई लावली, रक्तदाब मोजला आणि मग गाठ हळूहळू सैल केली. आवळून बांधल्यामुळे विष हातातच साचते, तिथले मांस अधिक सडवते आणि गाठ एकदम सोडली तर एकदम शरीरात उतरते. म्हणून बांधायचेच नसते, हात लाकडाच्या पट्टीवर स्थिर ठेवून निघायचे असते. काळ्या पेनाने त्यांनी मनगटापाशी, सूज जिथे संपत होती तिथे, एक रेघ ओढली आणि तिच्याशेजारी माझ्या कातडीवरच वेळ लिहिली, ८.३५.

मग सिस्टर काचेची परीक्षानळी शोधू लागल्या. पॅथॉलॉजीच्या प्लास्टिकच्या नळ्या समोरच्या ट्रेमध्ये कितीतरी होत्या, पण डॉक्टरांना काचेचीच हवी होती, आणि तीही नवी, कोरडी, साबणाने न धुतलेली. काचेच्या पृष्ठभागाला स्पर्श झाला की रक्त गोठण्याची प्रक्रिया सुरू होते. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाचा अंश राहिलेल्या काचेत ती नीट सुरू होत नाही आणि चांगले रक्तही बिघडल्यासारखे दिसते. माझ्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून त्यांनी त्या नळीत सोडले, नळी स्टँडमध्ये उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून सर्वांना बजावले, "वीस मिनिटं कुणीही हिला हात लावायचा नाही." एवढीच ती चाचणी. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, तंत्रज्ञही लागत नाही. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरकी करायची. रक्ताचा गोळा जागचा हलला नाही तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर विष रक्तात पोहोचले आहे.

नऊ वाजता नळी तिरकी केली तेव्हा गोळा जागच्या जागी होता. दिरांनी सुटकेचा निश्वास टाकला आणि लगेच विचारले, "मग वहिनींना घरी नेऊ का?" त्या डॉक्टरांनी तेव्हा हो म्हटले असते तर हे अनुभवकथन लिहायला मी असते की नाही, याची मला खात्री नाही. त्या म्हणाल्या की पहिली चाचणी चांगली येणे म्हणजे विष नाही असे नव्हे, फक्त अजून दिसत नाही असे. फुरशाच्या दंशात रक्त बिघडायला कधी काही तास जातात, म्हणून पहिले तीन तास दर तासाला आणि त्यानंतर दर सहा तासांनी अशी चोवीस तास ही चाचणी करत राहावे लागते. शिवाय जखमेतून चाललेली ती झिरप त्यांना पसंत नव्हती. मी खाटेवर पडून राहिले.

दहाची नळीही गोठली. अकराची गोठली नाही.

ती अकराची नळी माझ्या डोळ्यांसमोर अजून तशीच आहे. सिस्टरनी ती चिमटीत धरून तिरकी केली आणि रक्त नळीच्या काठापर्यंत असे घसरत आले की जणू ते त्याच क्षणी काढले आहे. काचेवर त्याने एक पातळ लाल पापुद्रा ठेवला आणि तोही हळूहळू खाली उतरला. आपल्याच शरीरातली एक वस्तू आपले जन्मजात काम विसरली आहे, हे मी त्या नळीत उघड्या डोळ्यांनी पाहत होते आणि त्याच वेळी मला बरे वाटत होते. हात कोपरापर्यंत ठणकत होता, पेनाच्या रेघा दोनाच्या तीन झाल्या होत्या, पण डोके शांत होते, पुतण्याशी मी गप्पा मारत होते. तोंडात खारट चव आली म्हणून मी जीभ फिरवली तर हिरड्यांतून रक्त येत होते. सलाईनच्या सुईभोवतीची पट्टीही लाल झाली होती.

रक्त का गोठत नाही याचे उत्तर मला प्रथम उलटेच वाटले. फुरशाच्या विषात इकॅरिन नावाचा एक घटक असतो आणि तो रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या प्रोथ्रॉम्बिन या प्रथिनाला परस्पर कामाला लावतो. म्हणजे विष रक्त गोठवण्याचेच काम करते, पण ते शरीरभर, अवेळी आणि बारीक बारीक प्रमाणात. त्यात गोठण्यासाठी लागणारे फायब्रिनोजेन भराभर खर्च होऊन जाते, आणि जिथे खरी जखम आहे तिथे गाठ बांधायला काही उरत नाही. त्याच विषातले दुसरे घटक बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडत असतात. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, विहीर उपसून टाकली की पंप चालू असून पाणी येत नाही, तसं झालंय तुमचं." अशा अवस्थेत रक्तस्राव कुठेही होऊ शकतो. हिरडीतून झाला तर दिसतो. मेंदूत झाला तर आधी कळत नाही. म्हणून मला खाटेवरून उठायला मनाई झाली, साधे धडपडणेही नको म्हणून. धनुर्वाताचे इंजेक्शनसुद्धा त्यांनी लांबणीवर टाकले, कारण दंडात सुई टोचली तर आत रक्त साचत राहिले असते. ते मला तिसऱ्या दिवशी मिळाले.

प्रतिविष सुरू झाले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पांढऱ्या भुकटीच्या दहा कुप्या सिस्टरनी एकेक करून पाण्यात विरघळवल्या. ती भुकटी पटकन विरघळत नाही आणि कुपी जोराने हलवली तर फेस होतो, म्हणून ती दोन तळहातांत धरून हलकेच फिरवावी लागते. दहा कुप्यांना चांगली दहा-बारा मिनिटे लागली. हे औषध म्हणजे घोड्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये. घोड्यांना विषाचे अत्यल्प डोस वाढत्या प्रमाणात देत जातात, त्यांच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात आणि ती वेगळी काढून शुद्ध करतात. त्यासाठी लागणारे सापांचे विष देशात मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. साप धरण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज असलेल्या या लोकांनी ती संस्था १९७८ मध्ये स्थापन केली. दुसऱ्या प्राण्याची प्रथिने थेट शिरेत जाणार म्हटल्यावर शरीर कधी कधी उसळते, आणि माझे उसळले.

पंधरा मिनिटेही झाली नसतील, तळहात खाजू लागले. मग पोटावर आणि मानेवर पित्ताच्या गांधी उठल्या, हुडहुडी भरली, उलटी झाली आणि घसा आतून कोणी आवळतो आहे असे वाटू लागले. त्या संध्याकाळपासून प्रथमच मी घाबरले. चावल्यावर नाही, औषधावर. सिस्टरनी सलाईन बंद केले आणि डॉक्टरांनी मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिले, जे सिरिंजमध्ये भरून आधीच उशाशी ठेवलेले होते. छातीत धडधड सुरू झाली, पण घसा मोकळा झाला आणि अर्ध्या तासात गांधी बसल्या. मग तेच प्रतिविष संथ गतीने पुन्हा सुरू केले. मी विचारले, पुन्हा तेच का? त्यांचे उत्तर सरळ होते: याला दुसरा पर्याय नाही आणि या त्रासावर आमच्याकडे इलाज आहे. त्वचेवर थोडे टोचून आधी चाचणी का घेतली नाही, हा प्रश्नही मी विचारला. त्या चाचणीवरून कोणाला त्रास होईल ते कळत नाही आणि वेळ मात्र जातो, म्हणून ती आता करत नाहीत. तयारी ठेवणे हीच चाचणी.

रात्री एकच्या सुमाराला शेजारच्या खाटेवर सात-आठ वर्षांचा एक मुलगा आला. त्यालाही पायाला फुरसेच चावले होते आणि त्यालाही दहाच कुप्या लावल्या गेल्या. त्याच्या आईने घाबरून विचारले की एवढ्या लहान पोराला मोठ्या माणसाचा डोस कसा देता. डॉक्टर म्हणाल्या, सापाने त्याला लहान म्हणून कमी विष दिलेले नाही. प्रतिविषाचा डोस माणसाच्या वजनावर ठरत नाही, निकामी करायच्या विषावर ठरतो, आणि तेवढेच विष लहान अंगात अधिक दाट होते. अर्धवट झोपेत ते ऐकताना मला आमचा संध्याकाळचा हिशोब आठवला. आम्ही सापाचे माप धरले होते, आणि ते पूर्णपणे खोटेही नव्हते. घोणशीच्या एका दंशातले विष फुरशापेक्षा पुष्कळच अधिक असते. पण माणसाचे रक्त बिघडवायला काही मिलिग्रॅम पुरतात आणि तेवढे या दीड वितीच्या जनावराकडे असते. त्याशिवाय ते घोणशीसारखे दुरून दिसत नाही, चटकन चिडते, दगडाखाली आणि पाल्यात बसते आणि रात्री बाहेर पडते. कोकणातल्या कातळांवर तर त्याची संख्याही एवढी की एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारने फुरशांवर बक्षीस लावले आणि लाखांनी फुरशी मारली गेली. त्याने कातळावरची फुरशी संपली नाहीत, हे मला वेगळे सांगायला नको.

पिल्लाचे विष मोठ्या सापापेक्षा जालीम असते, कारण पिल्लाला विष आवरता येत नाही, असेही त्या रात्री व्हरांड्यात कोणीतरी ठासून सांगत होते. डॉक्टरांनी ते खोडून काढले. मोठ्या सापाकडे विषाचा साठा मोठाच असतो. पण फुरशाचे पिल्लू आईच्या पोटातून थेट बाहेर येते, वीतभरही नसते, आणि जन्मल्या क्षणापासून विषारी असते, म्हणून त्याला गांडूळ समजून हाताने ढकलण्याइतके निर्धास्तही राहायचे नाही.

सकाळी साडेसातला, म्हणजे पहिल्या दहा कुप्या संपून सहा तास झाल्यावर, पुन्हा नळी लावली. हे सहा तास मधे का सोडतात, हेही मी तोवर शिकले होते. प्रतिविष फक्त विष निकामी करते. खर्च झालेले घटक यकृतालाच नव्याने तयार करावे लागतात आणि त्याला साधारण तेवढा वेळ लागतो. डॉक्टरांच्याच विहिरीत बोलायचे तर उपसा थांबला तरी झऱ्यांनी पाणी भरेपर्यंत थांबावे लागते. त्या सकाळी पाणी भरले नव्हते. नळी तिरकी केली आणि रक्त वाहिले; रात्रीपेक्षा किंचित दाट, पण वाहिलेच. म्हणजे विष अजून शिल्लक होते. पुन्हा दहा कुप्या, पुन्हा तळहातात धरून फिरवणे. या वेळी थोडी थंडी वाजली, बाकी काही झाले नाही. आम्ही पोहोचायला दोन तास लावले नसते तर या दुसऱ्या दहा कुप्या लागल्या नसत्या का, असे मी विचारले. कदाचित तरीही लागल्या असत्या, असे त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. पण पहिली नळी साडेसातला लागली असती आणि मधला सगळा काळ कोणीतरी तुमच्या हिरड्या पाहत असते, एवढे नक्की.

दुपारी तीनची नळी गोठली. सिस्टरनी ती मला मुद्दाम दाखवली. लालभडक गोळा तळाशी घट्ट बसला होता आणि नळी आडवी केली तरी ढिम्म हलत नव्हता. रात्री नऊची गोठली, पहाटे तीनचीही गोठली. बरे झालेले रक्त कधी कधी पुन्हा बिघडते, कारण चाव्याच्या जागी साचलेले विष मागाहून रक्तात मिसळते. म्हणून त्यांनी मला चौथ्या दिवसापर्यंत सोडले नाही. तोवर लघवी मोजून तिचा रंग पाहणे आणि मूत्रपिंडांसाठी रक्ताच्या तपासण्या करणे चालूच होते. शेजारचा मुलगा माझ्याही आधी उठून बसला आणि माझ्या हातावरच्या रेघा मोजू लागला. त्या एकूण सहा होत्या, शेवटची दंडाच्या मध्यावर.

घरी सोडताना डॉक्टरांनी कार्डावर लाल शाईने लिहिले की या रुग्णाला प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया आली होती. तोंडी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पुन्हा कधी साप चावला तर हे कार्ड आधी दाखवायचे, पण त्या भीतीने रुग्णालय टाळायचे नाही. आणि येत्या आठ-दहा दिवसांत ताप आला, अंगावर पुरळ उठले किंवा सांधे दुखले तर त्याला सापाचे विष समजून बाहेरचे काही करत बसायचे नाही, सरळ इकडे यायचे. दुसरी गोष्ट मी मनावर घेतली नव्हती. नवव्या दिवशी सकाळी मला गुडघे वाकवता येईनात, अंगात ताप होता आणि पाठीवर पुरळ उठले होते. घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध शरीराने उशिरा केलेली ही कुरकुर असते. पाच दिवसांच्या गोळ्यांनी ती शमली. मात्र कोणी आधी सांगितले नसते तर घरातल्या कोणी ना कोणी विष उलटले असे नक्कीच म्हटले असते, आणि कुठल्या कुठल्या उपायांमागे आम्ही धावलो असतो याची कल्पना मला आहे.

हाताला काम नव्हते म्हणून त्या दिवसांत मी या विषयावर पुष्कळ वाचले. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अंदाज वाचून मी बराच वेळ तो आकडा पाहत राहिले. वर्षाला सरासरी ५८ हजार, त्यातले बहुतेक ग्रामीण भागातले. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले तेही २०१७ मध्ये. दुसरी एक गोष्ट वाचून मात्र मला हसू आले. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये म्हणून टायरोफिबान नावाचे औषध देतात, आणि ते फुरशाच्या विषातल्या एका घटकाच्या रचनेवरून बेतलेले आहे. दिरांना मी ते सांगितले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, मग तुमचं हृदय आता ठणठणीत असणार." तसे काही नसते, पण घरात त्या प्रसंगावर पहिल्यांदा कोणी विनोद केला तो हा.

बोटावर मोठा फोड आला, मग तो काळा पडला आणि ती कातडी गळून खाली नवी यायला दीड महिना लागला. चिऱ्यांचा ढीग दिरांनी आणि पुतण्याने भर उजेडात, गमबूट घालून, पहारीने एकेक चिरा उलथत हलवला. प्रत्येक चिऱ्याची पलीकडची कड वर करून ते तो आपल्या बाजूला उलथत, म्हणजे खालचे जनावर पलीकडे तोंड करून निघावे. तळाशी त्यांना दोन फुरशी आणि बरेचसे विंचू मिळाले. फुरसे विंचूही खाते, त्यामुळे तिथे त्याचे चांगले चालले असणार. सर्पमित्राने फुरशी बरणीत घालून नेली. पुतण्याने त्यांच्या डोक्यावरच्या खुणेचा जवळून फोटो काढला आहे आणि तो मांजऱ्याच्या फोटोशेजारी ठेवून मला अधूनमधून दाखवतो. ओळखायला मी अजून एक-दोनदा चुकते.

अनामिकेचे वरचे पेर अजूनही पुरते मिटत नाही. अंगठी मी आता डाव्या हातात घालते.